कप पायरीवर आला

गोल्फच्या एका स्पर्धेचा इतिहास दुरुस्त करायला आपण मीरा रोडहून एसटीने जाऊ, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या शेजारच्या शहांनी मोबाइल पुढे केला. "आंटी, ये अंकलवाली टूर्नामेंट है ना?"

घाटावरच्या एका जुन्या क्लबने आपल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचा इतिहास वेबसाइटवर टाकला होता. पहिल्याच फोटोत टाय लावलेले एक गृहस्थ, हातात कप, खाली लिहिलंय 'पहिले विजेते'.

पहिला विजेता माझा नवरा आहे. हे तिथे आधी कॅडी होते, म्हणजे सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहायचे. खेळता खेळता व्यावसायिक झाले. जावई गोल्फ खेळतो म्हणजे गडगंज असणार, असं माझ्या माहेरी वाटलं होतं. जावई गोल्फ शिकवून पोट भरायचा.

"जाऊ दे गं," हे म्हणाले.

"जाऊ दे म्हणत म्हणतच म्हातारे झालात. उद्या निघतोय."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला भूमिती शिकवली, ती विसरले. चूक दिसली की हात वर करायचा, हे विसरले नाही.

नाशिकची एसटी बोरिवलीहून येते, ती काशिमिऱ्याला पकडा. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट; आधार कार्ड जवळ ठेवा. घोडबंदर रस्त्यावर बस चालत नाही, सरपटते. तेव्हा घरून खाऊन निघा. कसारा घाट चढला की हवा बदलते आणि माणसं बोलायला लागतात. हेही बोलले.

"तो कप मी हातात घेतलेला नाही."

"मग लग्नाआधी हात पसरून दाखवायचात, एवढा मोठा कप?"

"खिडकीतून बघितला होता. आम्हाला हॉलमध्ये सोडायचे नाहीत. खेळून पैसे घेणारा तो नोकर, असा हिशोब. बक्षिसाचं पाकीट मागच्या पायरीवर दिलं. आत क्लबच्या कॅप्टनने, म्हणजे सभासदांच्या म्होरक्याने, कप धरून फोटो काढून घेतला."

इगतपुरीला बस थांबली. वडा गरम होता, चटणी झणझणीत होती, आणि मला काही गोड लागलं नाही. इतकी वर्षं संसार केला आणि ही पायरी मला माहीत नव्हती.

नाशिकच्या अलीकडे उतरून रिक्षा केली. भाडं आधी ठरवा. क्लबचं मैदान मात्र बघण्यासारखं आहे, डोळे निवतात. फाटकावर रखवालदाराने विचारलं, "मेंबर आहात का?"

"नाही. विजेते आहोत."

तो गोंधळला आणि त्याने सोडलं.

सेक्रेटरी तरुण होते, नम्र होते, चहा मागवला. "मॅडम, पण फोटोत कप तर या साहेबांच्याच हातात आहे."

"हे कोण आहेत?"

"आमचे तेव्हाचे कॅप्टन."

"कॅप्टन हौशी खेळाडू की व्यावसायिक?"

"हौशीच. अर्थात."

"मग व्यावसायिकांची स्पर्धा त्यांनी कशी जिंकली? पैशासाठी खेळले असते तर तुम्हीच त्यांना हॉलबाहेर उभं केलं असतं."

सेक्रेटरींनी फोटोकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "कमिटीपुढे ठेवतो," ते म्हणाले.

"ठेवा. आम्ही बसतो."

त्यांनी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. मी ऐकेन अशा बेताने बसले होते. फोन ठेवून म्हणाले, "सर, नाव आजच बदलतो. या, हॉलमध्ये कपाबरोबर फोटो काढू."

हे उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, बुजले. हात धरून ओढणार, तेवढ्यात म्हणाले, "फोटो मागच्या पायरीवर काढायचा. कप बाहेर आणा."

आणला. सेक्रेटरींनी स्वतः उचलून आणला. ह्यांनी तो वळवून वळवून पाहिला आणि म्हणाले, "लहानच आहे की." मग म्हणाले, "पुढच्या तीन फोटोंतही कॅप्टनच आहेत. खरं जिंकलेल्यांची नावं मी सांगतो. त्यांतलं आता कोणी हयात नाही."

"त्यांचे फोटो मिळतील का सर?"

"बघतो," हे म्हणाले.

परतीच्या बसमध्ये हे झोपले. मी जागी होते, धुमसत. ह्यांचा राग पायरीवरच उतरला; माझा उतरलेला नाही आणि उतरवायचा विचारही नाही. पण प्रवासाचं विचाराल तर जरूर जा. स्पर्धेच्या दिवसांत प्रेक्षकांनाही आत सोडतात. त्या मागच्या पायरीवर बसून बघा.

घरी आल्यापासून 'जाऊ दे' हा शब्द ऐकलेला नाही. फोन दिवसभर ह्यांच्या कानाला. "अरे, तुझ्या बाबांचा एखादा फोटो असेल तर शोध ना." गोल्फच्या कपड्यातला फोटो कोणाच्याच घरी नाही. एकाचा रेशनकार्डावरचा आला. एकाचा लग्नातला आलाय, कपाळाला मुंडावळ्या, चेहरा घाबरलेला.

"हा कसा लावतील ते भिंतीवर?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हाच पाठवा.