खळ्यावरचा नाम्या

खळ्यावर बाया जमल्या का कनसं कमी अन् किस्से जास्त. आमच्या इंझोरीच्या खळ्यावरचे, जुन्या वक्तीचे, सारे एका पोराचेच हायेत. माह्या जोडीदारनीचा, गोदीचा नाम्या.

नाम्या दहा महिन्याचा झाला तरी पालथा पडे ना. दिवसभर बाभळीले टांगलेल्या झोळीत. खाली इचू चावंन म्हनून गोदीची सासू टाकू देत नव्हती. अन् तेच सासू गावात सांगे, "पोरगं पांगळं निंगालं." गोदी कनसं खुडता खुडता रडे. मले लई राग ये.

*

मानोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं पाय दाबून पाह्यले. "हाडात खोट नाही. झोळी सोडा, रोज जमिनीवर पालथं टाका."

सासू म्हने, "जमीन दाखवाले इतक्या दूर कायले आनलं वं?"

*

सारवलेल्या खळ्याइतकी साफ जागा गावात नव्हती. खळ्याचे मालक पाटील म्हनले, "टाका. पन पोरगं राशीजवळ आलं तं दोघीचं काम बंद."

कडेले गोधडी टाकून मी त्याले पालथं घातलं. असं कोकललं का गोदी धावली. मी तिचा हात धरला. "दहा मोजेपर्यंत थांब."

तिले मोजनं राशीवरचंच येत होतं. एक म्हनाचं नाही, लाभ म्हनाचं. "लाभ, दोन, तीन..." पाचावर तिनं पोरगं उचललं. दहावर जाले आठ दिस लागले.

*

मंग मी त्याच्यापुढं कनीस ठेवलं. तो हात लांबवे, पोटावरच फिरे. एक दिवस कोंबडीनं कनीस पळवलं. नाम्या रागानं उलथा झाला, पहिल्यांदा.

गोदी म्हने, "तुह्यापेक्षा कोंबडी बरी."

*

रास मोजाचा दिवस. मोजनाऱ्याशिवाय कोनी बोलाचं नाही, बोललं का बरकत जाते, मंग मोजनी पुन्हा लाभापासून. सासू सकाळपासून धमकावून राह्यली होती, "तोंड उघडलं तं याद राखा."

पाटलानं पायली भरली. "लाभ." मंग "दोन." मंग "तीन."

गोधडीवरचा नाम्या गुडघ्यावर आला. हात टाकला. गुडघा सरकवला. अन् निंगाला तो राशीकडंच. गोदीनं तोंडात पदर कोंबला. उचललं तं कोकलंन, सोडलं तं राशीत जाईन. पाटलाची पायली सातावर थांबली.

अन् सासू कोकलली, "चालला वं माय, माहा नाम्या चालला!"

पाटलानं सातही पायल्या राशीत परत ओतल्या. नाम्या येऊन राशीत हात घालेपर्यंत पाटील बसून राह्यले. मंग पायली भरली अन् म्हनले, "लाभ."