आडावरचं पोस्टर
रॉकेलचा वास आला की मला छपाईची जाळी धुणारे आमचे चित्रकलेचे सर आठवतात आणि डोकं तापतं. तेव्हा मोहल्ल्यात गॅस्ट्रोची साथ होती, जुन्या आडाचं पाणी बाधत होतं आणि मोहल्ला समितीच्या सगळ्या याद्या माझ्याकडे होत्या. शहरात पाट्या रंगवणारे पुष्कळ होते. पोस्टरमधून नको ते काढून टाकायचं असतं, हे पहिल्यांदा दाखवलं ते सरांनी. आडाचं पाणी भरू नका, हे सांगायला त्यांनी पांढऱ्या कागदावर मधोमध एक काळी घागर काढली आणि तिच्यावर लाल फुली मारली. अक्षर एकही नव्हतं. "जिला वाचता येत नाही, तिच्यासाठी आहे हे," रॉकेलचे हात पुसत ते म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढी जागा मोकळीच सोडली व्हय, सर? मग आमची नावं कुठं टाकायची?" सर म्हणाले, "मोकळी आहे म्हणूनच घागर दिसते." तरी अध्यक्षांनी आपला फोटो आणि 'विनीत' म्हणून एकवीस नावं बसवलीच, घागर सुपारीएवढी होऊन कोपऱ्यात गेली. दोन दिवसांनी मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारी शेजारची भाभी आडावर, त्याच पोस्टरखाली, पाणी शेंदताना दिसली. तिची मुलगी आदल्या रात्रीपासून दवाखान्यात सलाइनवर होती. मी पोस्टरकडे बोट दाखवलं. "हमकू लगा, तुम्हारे जलसेका कागज है, बाजी," ती म्हणाली. अध्यक्षांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. पण ती एकवीस नावं मानाप्रमाणे क्रम लावून, स्वच्छ अक्षरात, छापखान्यात मीच नेऊन दिली होती.