नवव्या नावावर काट

जून १९७७, शनिवार सकाळ. वसईकडच्या जूचंद्रच्या पुढचं आमचं खाडीकाठचं गाव, तिथली सातवीपर्यंतची शाळा. दर मुलामागे पन्नास रुपयांची आठवीची पुस्तकं आणि वह्या मिळायच्या होत्या. हजर होते मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेचे शेठ, त्यांच्या पत्नी, एक फोटोग्राफर, आमचे गुरुजी, आणि सातवी पास झालेली आम्ही नऊ मुलं. शिवाय माझी आई. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

ती आली कारण आमच्यात कोणाकडून काही घ्यायला रिकाम्या हाताने जात नाहीत. तिने डब्यात सोडे आणले होते. सुकवलेली कोलंबी. उन्हाळाभर निवडून, साफ करून, पाहुण्यांसाठी राखलेली. आमच्या घरात त्याहून भारी काही नव्हतं.

आधी पुस्तकं मिळाल्याच्या वहीत सह्या झाल्या. माझी नववी. मग आई पुढे गेली आणि तिने शेठच्या पत्नीसमोर डबा उघडला.

"बाय, हे तुमाला. घरचं हाय."

बाईंनी पदर नाकाला लावला. खुर्ची मागे सरकवली.

"हे बाहेर न्या. आधी बाहेर न्या."

शेठ हसले. "मासळी वाटायला आहे, पुस्तकाला पैसे नाहीत?"

फोटोग्राफर हसला. गुरुजीही हसले. हे गुरुजी दर होळीला आमच्या घरी जेवायचे. सोड्यांचं कालवण दोनदा मागून घ्यायचे.

आईने डबा बंद केला. झाकण नीट बसेना. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

गुरुजी मला म्हणाले, "जा, हात धुऊन ये. साबणाने. मग पुस्तकं घे, फोटो आहे."

मी बाहेर पिंपाजवळ गेले. आई म्हणाली, "धू गो हात. पुस्तकां महत्त्वाची. माजं काय जातंय?"

मी तांब्या उचलला. मग हाताकडे बघितलं. डब्याला मी हात लावलाच नव्हता. घरापासून शाळेपर्यंत आईनेच तो धरला होता. मग धुवायचं काय होतं?

तांब्या ठेवला. आत गेले.

"मी हात धुतले नाहीत. धुणार पन नाय. पुस्तकं नकोत."

गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, "अगं येडे, सही झालीये तुझी."

तेवढं मला कळत होतं. सही राहिली असती तर मी घेतलं असं झालं असतं. मी टेबलावरचा पेन उचलला आणि माझ्या नावावर काट मारली. गुरुजींनी हात धरला, पण काट मारून झाली होती. बाई शेठला म्हणाल्या, "बघा, यांचं भलं करायला जावं तर."

मला धाडसी म्हणू नका. घरी येऊन मी खूप रडले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाबा इतकंच म्हणाले, "आता आठवी कशी करनार?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या शाळेत सात इयत्ता आणि दोन शिक्षक होते. आठवीसाठी वसईला जायचं, पायी, जाऊन-येऊन बारा किलोमीटर. माझी मावसबहीण मुंबईत पालिकेच्या शाळेत होती. तिला पुस्तकं शाळेतूनच मिळायची. सगळ्यांना. कोणी टाळ्या वाजवायचं नाही, कोणी तिचे हात तपासायचं नाही. राज्य एकच, पुस्तक एकच. तिला जे आपोआप मिळत होतं, त्यासाठी आम्हाला रांगेत उभं राहून हसायला लावत होते. हे मला त्या वर्षी समजलं. नंतर कित्येक जणांना मी ते सांगितलं. "अगं, देतात ते तरी घ्यावं," असंच बहुतेक म्हणाले. आता पन्नाशीत सांगायचाही कंटाळा येतो.

संस्थेचा अहवाल वर्षाने गावच्या शाळेत आला. आमच्या गावचे लाभार्थी नऊ छापले होते. होते आठ. मी गुरुजींना तो आकडा दाखवला. ते म्हणाले, "राहू दे ना, एकाने काय होतं?"

त्या संध्याकाळी मी शिक्षण खात्याला पहिला अर्ज लिहिला. गावात आठवीचा वर्ग द्या, दोन शिक्षक द्या, दान पाठवू नका. उत्तर आलं नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा लिहिला. दहावी होईपर्यंत दर जूनमध्ये लिहिला, आणि नंतरही. वर्ग मिळेपर्यंत थांबायचं नाही, आणि तोवर कोणाचे आभार मानायचे नाहीत, हे तेव्हाच ठरलं होतं.

त्या १९७७ च्या जूनमध्येच मी वसईला जाऊ लागले होते; माझी आठवीची पुस्तकं तिथल्या फिलोमिनाची होती. ती एक वर्ष पुढे. तिच्या घरी आई मीठ पोचवायची. तिची आई म्हणाली, "ने गो पोरी, पैशे कसले?" मी किंमत विचारली. निम्म्या भावाने साडेअठरा रुपये ठरले. लावणीचे चार आणि कापणीचे पाच रविवार मी दुसऱ्यांच्या शेतात राबले, दिवसाला दोन रुपये. अठरा झाले. वरचे आठ आणे आईने दिले. दिवाळीनंतरच्या सोमवारी मी फिलोमिनाच्या आईच्या हातावर पूर्ण साडेअठरा रुपये ठेवले, आणि तिच्याकडून पावती लिहून घेतली.