कानाला खाच पाडलेली कुत्री

धान कापून झालं की आम्ही ते अंगणात वाळत घालतो. त्या वर्षी रोज सकाळी एक पिवळी कुत्री त्या धानावर घाण करून जायची. ती कुणाचीच नव्हती, समोरच्या धानाच्या तणसाच्या ढिगात झोपायची. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, सकाळचा पहिला शब्द "हाड" असायचा. चहाच्याही आधी. हातात बांबूची काठी असायची, पण ती त्यांनी कधी मारली नाही, नुसती उगारायचे. कुत्री थोडी मागं सरायची, बसायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची.

माझं माहेर दरेकशाचं. तिकडं बिबट्याच्या भीतीनं घरोघरी अंगणात कुत्रा असतो, त्यामुळं मला तिचा राग येत नव्हता. घाण भरायचं काम मात्र माझ्याकडंच होतं.

शेवटी मामाजी तक्रार घेऊन नगरपंचायतीत गेले. मीही सोबत होते. टेबलाशी बसलेल्या बाईनं समजावून सांगितलं, "काकाजी, कुत्रं उचलून दूर नाही सोडता येत. ऑपरेशन करतात, रोगाची सुई देतात, खूण म्हणून कानाला खाच पाडतात, न जिथून नेलं तिथंच आणून सोडतात. कायदाच आहे तसा."

"मग हागनं बंद होते का?"

"ते कसं बंद होईल?"

"मंग कायले नेऊन राहिले?"

"पिल्लं नाही होत. अन् चावलीच कुणाला तर तेवढी भीती नाही," बाई म्हणाली. मामाजींनी तरी अर्जावर सही केली.

काही दिवसांनी नगरपंचायतीची गाडी आली. जाळी पडली तेव्हा कुत्रीनं आवाजही केला नाही. मामाजी ओसरीवर उभे होते. "हळू धरा ना तिले," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर अंगण स्वच्छ राहू लागलं. मामाजी नेहमीच्या वेळेला उठायचे, काठी घ्यायचे आणि धानापाशी नुसतेच उभे राहायचे. एकदा जेवताना मध्येच म्हणाले, "किती दिवस ठेवतेत तिले तिकडं?"

मग एका दुपारी गाडीवरचा माणूस स्वतः घरी आला. "काकाजी, तुमच्या गल्लीतली कुत्री आणून राहिलो होतो. बाजारात गाडी थांबली, दार उघडलं न ती उडी मारून पळाली. म्हटलं सांगून द्यावं."

तो आमच्याकडच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. मामाजींनी खुंटीवरची थैली काढली. "भाजी आणतो," म्हणाले. भाजी मी सकाळीच आणली होती. मी त्यांच्यामागं निघाले.

मासळीच्या ओळीत कुत्रीच कुत्री होती. मामाजी प्रत्येक दुकानाखाली वाकून बघत होते. शेवटी थांबले आणि मला म्हणाले, "तिले हाक तरी काय मारू?"

तिला नावच नव्हतं. ते पुन्हा वाकले. मग अगदी हळू, लेकराला उठवावं तसं म्हणाले, "हाड. हाड वं."

आजूबाजूची कुत्री पांगली. ओळीच्या टोकाला बसलेल्या बांगडीवालीच्या बाजेखालून मात्र एक पिवळं तोंड बाहेर आलं. डाव्या कानाला खाच पाडलेली होती. ती आमच्यासमोर येऊन बसली.

"चाल," मामाजी म्हणाले. हात मागं बांधून ते पुढं चालू लागले. त्यांच्यामागं ती, सगळ्यात मागं मी. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वळणावर मात्र पाहिलं.

हागणं काही बंद झालं नाही. धानाभोवती आम्ही जुन्या साड्या बांधल्या. आता घाण मामाजी स्वतः फावड्यानं उचलतात आणि परसात पपईच्या झाडाखाली पुरतात. एके सकाळी शेजारीण आली आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "काकाजी, तुमची कुत्री माझ्या फाटकापुढं हागून राहिली."

मला वाटलं, हे म्हणतील, माझी कायची? त्यांनी फावडं उचललं, चुलीतली राख घेतली आणि तिच्या दारात गेले. त्या दिवसापासून तिकडंही तेच जातात.

परवा खूप थंडी होती. मामाजी बराच वेळ परतले नाहीत म्हणून मी बाहेर डोकावले. हात धुऊन ते शेजारणीच्या पायरीवर बसले होते, हातात कप होता. कुत्री फाटकाबाहेर उन्हात पसरली होती.

"मामाजी, चहा झाला," मी हाक मारली.

"माहा झाला," ते तिथूनच म्हणाले. "तू घेऊन घे."