कोयनेलची चव

औषधाच्या बाटलीचं बूच काढलं आणि कडवट वास नाकात गेला की मला माझी धाकटी जाऊ आठवते, आणि अजूनही माझा जळफळाट होतो. इंग्रजांचं राज्य होतं. पेणकडच्या आमच्या मिठागरांवर त्या वर्षी घरोघरी हिवताप होता. माझी मुलगी दोन गोधड्यांखालीही कुडकुडत होती. सरकारी दवाखान्यातून कोयनेल, म्हणजे क्विनाईनचं कडूजहर औषध, मिळायचं, पण ताप कुणाचाच हटत नव्हता. मामलेदार तपासणीला आले, तेव्हा आम्ही बायका बाटल्या घेऊन दारात उभ्या होतो. कंपाउंडर म्हणाला, "साहेब, हे लोक वेळेवर पाजतच नाहीत." तशी जाऊ पुढे झाली. मिठागरातलं पाणी मीठ धरण्याजोगं झालं का, हे आम्ही जिभेवर थेंब घेऊन सांगत असू; तसाच तिने बाटलीतला थेंब चाखला. "सायेब, यात निम्म्याच्या वर पानी हाय. तुमी चाखून बगा." मामलेदारांनी खरंच चाखलं. कंपाउंडरची बदली झाली, चांगलं कोयनेल आलं, माझी मुलगी उठून बसली. मग जो तो हिचंच कौतुक करी. माझी मुलगीसुद्धा काकी, काकी करत हिच्याच मागे. कालची आलेली ही! मिठागरात दहा वर्षं आधीपासून मी थेंब चाखत होते. आता जाऊ हयात नाही, म्हणून सांगते: ते औषध मीही चाखलं होतं. कडू नव्हतं, पोर तोंड वाकडं न करता पीत होती, म्हणून मला हायसं वाटलं होतं.