मानेपासूनचे पट्टे

दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या सोसायटीत साप निघाला की लोक आधी किंचाळतात, मग ग्रुपवर फोटो टाकतात आणि शेवटी आमची बेल वाजवतात. कारण आमच्याकडे बाबा राहतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, आणि साप दिसला की खूश होणारे सोसायटीतले एकमेव गृहस्थ.

इथे निघणारा साप बहुतेक वेळा कवड्या असतो. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, भिंतीवर सरसर चढतो, पाली खातो, विष अजिबात नाही. पंचाईत अशी की जहाल विषारी मण्यारही अशीच काळपट आणि पट्ट्यापट्ट्यांची. त्यामुळे बाबांनी सगळ्या गार्डना धडा दिला होता. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीची मान कोरी, पट्टे मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठसठशीत. एकदा कवड्या ठरला की बाबा त्याला सरळ हाताने उचलायचे, उशीच्या खोळीत घालायचे आणि नाल्याकडच्या झाडीत सोडून यायचे.

मला ते हाताने उचलणं मुळीच पटत नसे. त्यात बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष होत आलं होतं, पण बाबांचं आपलं एकच, "मला सगळं दिसतं." आमच्या घरात बाबांना नाही म्हणायची पद्धतच नाही. आईने जन्मभर म्हटलं नाही. मी गुडगावच्या ऑफिसात दहा जणांना फैलावर घेते आणि घरी येऊन मुकाट्याने "बरं बाबा" म्हणते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मीटर रूमच्या दाराशी साप वेटोळं करून पडला होता. बाबा खोळ घेऊन खाली उतरले, मागोमाग मी. गेटवरचा गार्डही तिथेच होता, तोही माजी फौजी, साधा शिपाई म्हणून सुटलेला. बाबा दिसले की त्याच्या टाचा आपोआप जुळतात.

"पट्टे गर्दन से ही शुरू हैं ना?" बाबांनी विचारलं.

"जी साब!"

"पूँछ की तरफ हल्के हो रहे हैं ना?"

"जी साब!"

इतके दिवस मला वाटायचं, बाबा त्याची परीक्षा घेतात. परीक्षा कसली, बाबांना दिसतच नव्हतं! ते त्याच्या डोळ्यांनी पाहत होते. आणि तो बापडा सापाकडे बघतच नव्हता, साबांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देत होता. मग मी नीट पाहिलं. मान कोरी, काळीभोर. वीतभर मागे बारीक पांढऱ्या जोडरेघा, शेपटीकडे आणखी ठळक. बाबा वाकले होते, हात पुढे गेला होता.

"बाबा, नाही! हात मागे घ्या!"

मी एवढी ओरडले की तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी बाल्कनीत आल्या. बाबांचा हात हवेतच थांबला. चारचौघांत मुलगी ओरडली म्हणून चेहरा लाल झाला. मला सापाची जास्त भीती वाटत होती की त्यांची, देव जाणे.

"कुठून सुरू होतात?" त्यांनी हळूच मराठीत विचारलं.

"वीतभर मागून."

"जोडीजोडीने?"

"हो."

बाबा दोन पावलं मागे सरले. "सब पीछे हटो," ते म्हणाले. "जहरीला है."

साप पकडणारे तासाभराने आले, लांब चिमट्याने मण्यार बरणीत घालून घेऊन गेले. गार्ड पांढराफटक पडला होता. "साब, गलती हो गई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते लिफ्टकडे निघाले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दार बंद झालं आणि माझा धीर सुटला. आवाज दाबून मी भिंतीला टेकले. बाबा माझ्याकडेच तोंड करून उभे होते.

"खरं सांग," ते म्हणाले, "मला फारच कमी दिसतं का गं?"

"बाबा, मी मघापासून तुमच्यासमोर रडतेय."