वाढलंय म्हणून सांगा

हरिश्चंद्र भाटकर जन्मभर बोटीवर होता आणि बायको विमला रत्नागिरीजवळ पावसच्या घरात त्याची वाट बघत होती. साठीला तो कायमचा घरी आला. त्याच्या घरात असण्याची तिला जरा कुठे सवय होत होती, तोच २००४ साली लघवीच्या तक्रारीवरून त्याचं रक्त तपासलं. लघवीच्या वाटेवरच्या प्रोस्टेट ग्रंथीचा आकडा, पीएसए, जास्त निघाला. मग मुंबईला सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढले. एका तुकड्यात कॅन्सर निघाला.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, सौम्य जातीचा आहे. कदाचित कधीच त्रास देणार नाही. ऑपरेशन करता येईल, पण लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. किंवा नुसती नजर ठेवू. ठरावीक दिवसांनी रक्त, वर्षाने पुन्हा तुकडा. वाढला, तर तेव्हा उपचार."

"नजर ठेवूया," हरिश्चंद्रने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

विमलाचा भाऊ विठू तोंडाच्या कॅन्सरने वर्षभरात गेला होता. घरी येताच ती कडाडली, "काढून टाका! घरात फुरसं शिरलं तर कोण नजर ठेवत बसतं?"

"फुरसं आहे की धामण, ते बघूनच काठी उचलतात गो."

तिने बोलणं टाकलं. ताट वाढायची नि आत जायची. डोंबिवलीहून मुलाचा, संदेशचा फोन यायचा, "आई, बाबांना ऑपरेशनला तयार कर." शेवटी बाजाराचं निमित्त काढून ती एकटीच रत्नागिरीला गेली. हरिश्चंद्रचं रक्त तपासणाऱ्या डॉक्टर राजश्री सुर्व्यांपुढे बसली.

"बाई, या खेपेला वाढलंय म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते."

डॉक्टर चिडल्या नाहीत. "खोटं नाही सांगणार, काकू. आणि खरंच वाढलं, तरी नुसत्या आकड्यावर कापायला पाठवणार नाही. जंतूंच्या त्रासानेही आकडा चढतो. आधी पुन्हा रक्त, मग तुकडा."

पुढच्याच तपासणीत आकडा सहावरून नवावर गेला.

आपणच तोंडाने बोलावून आणलं, असं विमलाला वाटलं. हरिश्चंद्र पडवीत बसला होता. हातात चहाचा कप होता.

"तुझंच खरं. संदेशला फोन कर. काढून टाकूया."

हेच ऐकायला ती इतके महिने तळमळली होती. ती फोनपर्यंत गेली आणि थांबली.

"नको. एका आकड्यावर नको. आधी पुन्हा रक्त."

"तुला कोणी सांगितलान?"

"डॉक्टरबाईंनी."

"कधी?"

मग खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "अगो, एवढी घाबरलीस?"

"आणि तुम्ही?"

त्याने कप खाली ठेवला आणि तिचा हात धरला.

लघवीत जंतू सापडले. औषधं झाली. पुन्हा रक्त दिलं, तुकडाही काढला. आकडा सहाच्या आसपास आला होता. तुकड्यातला कॅन्सरही पहिल्याइतकाच, सौम्यच होता.

२००९ सालीही नजर ठेवणंच चालू होतं. विमलाला ते मनापासून पटलं, असं नाही. तपासणीच्या दिवशी ती कोणाशी धड बोलायची नाही. पण एसटीत त्याच्या शेजारी बसून जायची, आणि डॉक्टरांना आकडा त्याच्याआधी तीच विचारायची.